दोन घरचा पाहुणा

पॅरालिंपिक स्पर्धांच्या कार्यक्रमात सायकलच्या शर्यती प्रथम दाखल झाल्या त्या १९८४ साली. त्याच स्पर्धांत भीमराव केसरकर यांनी भारतासाठी भालाफेकीत रौप्यपदक मिळवले होते. सायकलच्या शर्यतींत मात्र भारताचे कोणी नव्हते. पुढे सोल झाले, बार्सिलोना झाले. अटलांटा, सिडनी, अथेन्स, बीजिंग, लंडन, रिओ आणि टोकियोही झाले. शर्यतींची संख्या वाढत गेली, १९९६ साली ट्रॅकवरील शर्यती आल्या, २००४ साली हातांनी चालवावयाच्या सायकलींच्या शर्यती आल्या; परंतु आरंभरेषेवर भारताचा पोशाख घातलेला सायकलस्वार काही दिसेना. तो दिसण्यासाठी २०२४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पॅरिस येथे भंडारा जिल्ह्यातील ज्योती गडेरिया आणि आंध्र प्रदेशातील नंद्यालचा अर्शद शेख हे दोघे पॅरालिंपिकच्या सायकल शर्यतींत उतरले. भारताचे हे पहिलेच दोन पॅरा सायकलपटू.

मध्ये चाळीस वर्षे गेली. ज्या देशात कोट्यवधी माणसे सायकलीवरून कामास जातात, जो देश सायकलींच्या निर्मितीत चीनखालोखाल जगात दुसरा आहे, त्या देशाला दोन दिव्यांग सायकलस्वार जगाच्या मैदानावर पाठविण्यास चाळीस वर्षे लागावीत, ही घटना आनंदाची की विचारात पाडणारी, हे ज्याचे त्याने ठरवावे. पॅरिसमध्ये भारताने ७ सुवर्ण, ९ रौप्य आणि १३ कांस्य अशी एकूण २९ पदके मिळविली. सत्कार झाले, मिरवणुका निघाल्या, वृत्तपत्रांचे रकाने भरले. ते योग्यच होते. ज्योती आणि अर्शद यांना पदक मिळाले नाही, म्हणून त्या गदारोळात त्यांची नावे कोणाच्या ध्यानात राहिली नाहीत. आणि हे दोघे तेथवर पोहोचले कसे, हा प्रश्न तर त्याहूनही कमी लोकांना पडला.

त्याचे उत्तर हैदराबादेत आहे. मराठी वाचकाला ते शहर परके नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. रस्त्यावरील अपघातात एक पाय गमावल्यानंतर जिद्दीने सायकलीवर बसलेले आदित्य मेहता यांनी तेथे आपल्या नावाचे प्रतिष्ठान उभे केले. सुरुंगस्फोटांत अवयव गमावलेले निमलष्करी दलांचे जवान, अपघातांत सापडलेली तरुण मुले-मुली, जन्मतः व्यंग असलेले विद्यार्थी यांना सायकलीवर बसविणे, त्यांना कृत्रिम पाय मिळवून देणे आणि स्पर्धांपर्यंत नेणे हे काम या प्रतिष्ठानाने केले. ज्योती आणि अर्शद हे त्याच आखाड्यात तयार झाले. एखाद्या विद्यापीठाने किंवा सरकारी क्रीडा संस्थेने करावयाचे काम एका खासगी प्रतिष्ठानाने अंगावर घेतले, आणि ते पार पाडून दाखविले.

या कामाची थोरवी आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो. पण एका माणसाच्या खांद्यावर उभ्या असलेल्या संस्था आपण गोमंतकात पुष्कळ पाहिल्या आहेत. वाचनालये, नाट्यमंडळे, गायनशाळा. तो माणूस उभा असेपर्यंत दिवे लागतात. तो थकला की दाराला कुलूप पडते आणि कपाटातली पुस्तके वाळवी खाते. एका देशाचा एक संपूर्ण क्रीडाप्रकार अशा रीतीने देणगीदारांच्या मर्जीवर आणि एका व्यक्तीच्या हिमतीवर चालावा, हे त्या व्यक्तीला भूषणावह असेल, देशाला नाही.

आपल्याकडे या विषयाची चर्चा निघाली की ती हटकून कारुण्याच्या वळणाने जाते. 'अपंग' हा शब्द कठोर म्हणून गेली दहा वर्षे 'दिव्यांग' हा शब्द सरकारी कागदांवर आला. शब्द बदलला, याबद्दल आमची तक्रार नाही. पण दयेच्या जागी दिव्यत्व आले म्हणून सराव करण्याची जागा आली नाही, सायकल आली नाही, पंचही आले नाहीत. खेळाडूला दैवी ठरविले की त्याला परवाना, भत्ता आणि शर्यतीची तारीख वेळेवर देण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही, अशी एक सोयीस्कर पळवाटही त्यातून निघते.

हा खेळ मुळात कसा चालतो, हे थोडे विस्ताराने सांगावयास हवे. कारण खेळाची व्यवस्था कोणाकडे असावी हा वाद तो कळल्याखेरीज कळणार नाही. पॅरा सायकलिंगमध्ये चार प्रकारची वाहने आहेत. पहिली साधी दुचाकी. हात किंवा पाय नसलेले, अथवा ज्यांच्या अवयवांत बळ कमी आहे असे खेळाडू ती आवश्यक ते फेरफार करून चालवितात. दुसरी तीनचाकी, मेंदूच्या विकारामुळे ज्यांना तोल सांभाळता येत नाही त्यांच्यासाठी. तिसरी हातसायकल. कमरेखाली शक्ती नसलेला खेळाडू तीत जवळजवळ उताणा पडून, किंवा गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी पायडल फिरवितो. चौथी टँडेम, म्हणजे दोघांची सायकल. पुढे डोळस सारथी आणि मागे दृष्टिहीन खेळाडू. वेग दोघांचा असतो, आणि पदकही दोघांना मिळते. यांपैकी पॅरालिंपिकच्या ट्रॅकवर फक्त दुचाकी आणि टँडेम धावतात. तीनचाकी आणि हातसायकल यांच्या शर्यती रस्त्यावरच होतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

वाहन ठरले तरी काम भागत नाही. एक हात किंचित दुर्बल असलेल्या स्वाराची गाठ दोन्ही पाय गमावलेल्या स्वाराशी घालून दिली तर ती शर्यत कसली? म्हणून प्रत्येक प्रकारात वर्ग पाडलेले आहेत. दुचाकीचे सी-१ ते सी-५ असे पाच वर्ग, हातसायकलीचे एच-१ ते एच-५ असे पाच, तीनचाकीचे दोन, आणि टँडेमचा एक. आकडा जितका लहान तितकी शारीरिक मर्यादा मोठी. हा वर्ग खेळाडूने सांगून ठरत नाही, डॉक्टरच्या दाखल्यानेही नाही. वैद्यकशास्त्र जाणणारे आणि सायकलीचे तंत्र जाणणारे प्रशिक्षित परीक्षक एकत्र बसून खेळाडूला तपासतात, सांध्यांची हालचाल व स्नायूंचे बळ मोजतात, त्याला सायकल चालविताना पाहतात आणि मग वर्ग देतात. शिवाय काही शर्यतींत दोन-तीन वर्ग एकत्र धावतात. अशा वेळी अधिक मर्यादा असलेल्या स्वाराच्या प्रत्यक्ष वेळेला ठरलेल्या गुणकाने गुणून निकाल लावला जातो. घड्याळात मागे पडलेला स्वार फलकावर पुढे दिसतो तो यामुळे. पॅरिसमध्ये ज्योती ज्या ५०० मीटर शर्यतीत उतरली, ती सी-१ ते सी-३ या तीन वर्गांची एकत्र शर्यत होती.

आता विचार करा. वर्ग चुकीचा मिळाला तर वर्षानुवर्षांचा घाम एका सहीने वाया जातो. भंडाऱ्यातल्या, सत्तरीतल्या किंवा काणकोणातल्या एखाद्या मुलाने सायकल चालवावयाचे ठरविले तर त्याला प्रथम कोण तपासणार? जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात असा परीक्षक नसतो. तो मिळविण्यासाठी कोणाला अर्ज करावयाचा, सायकल महासंघाला की पॅरालिंपिक समितीला? अमुक क्रमांकाची सायकल अमुक वर्गास चालते की नाही, याचा निर्णय कोणाचा? शर्यतीस परवाना कोणाचा, आणि परदेशी जाण्याचे तिकीट कोणाचे? या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या दारांवर टांगलेली आहेत, आणि त्या दारांमधले अंतर कृत्रिम पायाने चालावयाचे आहे.

जगात हा घोळ एकदा निस्तरला गेला आहे. दिव्यांगांच्या खेळांचा जन्म इस्पितळात झाला. दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांवर इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे उपचार करणारे डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, आपल्या रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. तेव्हापासून या खेळांची सूत्रे डॉक्टरांच्या, पुनर्वसन केंद्रांच्या आणि पुढे दिव्यांगांच्या स्वतंत्र संघटनांच्या हाती राहिली. १९८९ साली आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती स्थापन झाली आणि दिव्यांगांचे सायकलिंगही तिच्याच छत्राखाली आले. समितीच्या हेतूविषयी कोणी शंका घेतली नाही. पण डझनावारी खेळ सांभाळणाऱ्या संस्थेला एका खेळाच्या खाचाखोचा किती सांभाळता येणार? अखेर २००७ साली पॅरा सायकलिंगचा कारभार जागतिक सायकलिंग महासंघाकडे सोपविण्यात आला. १९०० साली पॅरिस येथे स्थापन झालेला आणि आज स्वित्झर्लंडमधील एगल येथून चालणारा हा महासंघ. तूर द फ्रान्ससारख्या शर्यती ज्याच्या नियमांखाली धावतात, त्याच महासंघाच्या नियमांखाली हातसायकलही धावू लागली.

हा बदल कागदावर छोटा दिसतो. प्रत्यक्षात त्याने खेळाडूचे गोत्रच बदलले. जगज्जेत्या सायकलपटूला मिळणारा इंद्रधनुषी पट्ट्यांचा सदरा पॅरा विश्वविजेत्यालाही मिळू लागला. तीच दिनदर्शिका, तेच पंच, तीच उत्तेजकद्रव्य तपासणी. लंडनच्या २०१२ च्या स्पर्धांपूर्वी वर्गवारीची जुनी गुंतागुंतीची पद्धत जाऊन, शरीराचे निदान काय यापेक्षा सायकलीवर त्या शरीराला काय करता येते हे पाहणारी आजची पद्धत आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगो येथे सायकलिंगच्या अनेक प्रकारांच्या जागतिक स्पर्धा एकाच वेळी झाल्या, त्यांत पॅरा शर्यतीही होत्या. २०२४ साली झुरिच येथे रस्त्यावरील जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आणि पॅरा अजिंक्यपद स्पर्धा एकाच सप्ताहात, एकाच नगरीत घेण्यात आल्या. हातसायकलीवरील स्वाराला टाळ्या देण्यासाठी वेगळा प्रेक्षक गोळा करावा लागला नाही. तो आधीच रस्त्याच्या कडेला उभा होता.

एकाच घरात राहण्याचे फळ काय, हे पाहावयाचे असेल तर ब्रिटनच्या सारा स्टोरी यांच्याकडे पाहावे. डाव्या हाताचा पंजा पुरता घडलेला नसताना जन्मलेल्या या बाई १९९२ साली जलतरणपटू म्हणून पॅरालिंपिकमध्ये आल्या, पुढे सायकलीकडे वळल्या, आणि पॅरिस २०२४ अखेर त्यांच्या नावावर १९ सुवर्णपदके आहेत. पण आम्हांला त्या पदकांहून दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ब्रिटनचा राष्ट्रीय सायकल महासंघ पॅरा सायकलपटूंना आपल्याच संघाचा भाग मानतो. मँचेस्टरचा व्हेलोड्रोम, प्रशिक्षक, यंत्रतज्ज्ञ सगळे सामाईक. परिणाम असा की २०१५ च्या फेब्रुवारीत स्टोरी यांनी एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा महिलांचा जागतिक विक्रम मोडण्याचा प्रयत्न केला. दिव्यांगांचा विक्रम नव्हे, सर्वांचा. त्यांनी ४५.५०२ किलोमीटर अंतर कापले आणि विक्रम अवघ्या ५६३ मीटरांनी हुकला. आपल्या मर्यादेची वेगळी खोली करून तिला तीत बसविले असते तर हा प्रयत्न करावा असे तिच्याही मनात आले नसते.

अर्थात एका छताखाली आणले की सारे गोमटे होते, असे समजण्याचा भोळेपणा आम्ही करणार नाही. मोठ्या घरात गरीब नातेवाइकाला ओसरीवर जागा देण्याची रीत सर्वत्र आहे. सुदृढ खेळाडूंच्या महासंघात दिव्यांगांच्या वाट्याला उरलेसुरले अंथरूण येण्याची भीती असते, आणि स्वतंत्र पॅरालिंपिक समिती हवी असे म्हणणारे याच भीतीकडे बोट दाखवितात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. मुरलीकांत पेटकर या सांगलीकडच्या जवानाने १९७२ साली हायडेलबर्ग येथे जलतरणात भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले आणि त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, शेहेचाळीस वर्षांनी. ज्यांच्यासाठी भांडणारे कोणी नसते त्यांच्या वाट्याला असला विलंब येतो. तेव्हा समितीची गरज आहेच. प्रश्न इतकाच की कोणी काय करावयाचे, हे लिहून ठेवलेले असावे.

आपल्याकडे ते लिहून ठेवण्याचेच काम राहिले आहे. जागतिक महासंघाशी संलग्न आहे तो भारतीय सायकलिंग महासंघ. म्हणून आंतरराष्ट्रीय शर्यतीचा परवाना त्याच्याकडून. पॅरालिंपिकमध्ये खेळाडूचे नाव धाडण्याचा अधिकार मात्र भारतीय पॅरालिंपिक समितीचा. एकाच्या हाती जन्मदाखला आणि दुसऱ्याच्या हाती लग्नपत्रिका, अशी ही स्थिती. महासंघाचे लक्ष स्वाभाविकपणे ऑलिंपिकच्या ट्रॅककडे लागलेले असते. समितीचे लक्ष मैदानी खेळ, नेमबाजी, बॅडमिंटन या हमखास पदके देणाऱ्या खेळांकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, ही म्हण आपल्या पूर्वजांनी क्रीडा महासंघ पाहण्याआधीच रचून ठेवली, याचे आम्हांला नवल वाटते.

बरे, पॅरालिंपिक समितीचे घर तरी शाबूत होते काय? २०१५ च्या मार्चमध्ये गाझियाबाद येथे झालेल्या राष्ट्रीय पॅरा मैदानी स्पर्धेत चाकांच्या खुर्चीवरील खेळाडूंना अर्धवट बांधलेल्या इमारतीत उतरविण्यात आले. धड स्वच्छतागृहे नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय समितीने भारतीय समितीला निलंबित केले. २०१९ साली अंतर्गत कलहापायी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने तिची मान्यता काढून घेतली, ती परत मिळावयास २०२० साल उजाडले. २०२४ च्या फेब्रुवारीत, पॅरिसला जेमतेम सात महिने उरले असताना, वेळेवर निवडणूक न घेतल्याबद्दल समितीवर पुन्हा निलंबनाची पाळी आली. मार्चमध्ये निवडणूक होऊन ते प्रकरण मिटले. पदाधिकारी येतात, पदाधिकारी जातात. मंत्रालयाची पत्रे, न्यायालयाच्या तारखा, विरुद्ध गटांची पत्रके यांत वर्ष निघून जाते. पंचविशीतल्या खेळाडूचे ते एक वर्ष कोण परत देणार? पॅरालिंपिकसाठी पात्रतेचे गुण काही एका दिवसात मिळत नाहीत. आधीच्या दोन-दोन वर्षांच्या जागतिक शर्यतींतून ते कणाकणाने जमवावे लागतात. त्या काळात घरात भांडण चालू असेल तर भोग खेळाडूचे.

या पार्श्वभूमीवर २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला. लोकसभेने ११ ऑगस्टला आणि राज्यसभेने १२ ऑगस्टला तो मंजूर केला. १८ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची संमती झाली. तोवर आपल्या क्रीडा संस्था २०११ च्या एका संहितेवर चालत होत्या, आणि त्या संहितेला कायद्याचे दात नव्हते. नव्या कायद्याने राष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या बरोबरीने राष्ट्रीय पॅरालिंपिक समितीला कायद्यात स्थान दिले. संस्थांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, निवडणुकांवर देखरेखीसाठी निवडणूक अधिकाऱ्यांची नामिका आणि तंट्यांसाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण, अशी रचना त्यात आहे. प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीत पंधरापेक्षा अधिक माणसे नकोत, त्यांत किमान चार स्त्रिया हव्यात, कर्तबगार खेळाडूंना आसने हवीत, खेळाडूंची समिती हवी, तक्रार निवारणाची सोय हवी. हे सर्व स्वागतार्ह आहे. मतांची बेगमी करून वर्षानुवर्षे खुर्ची उबविणाऱ्यांना त्यामुळे थोडी तरी धग लागेल.

परंतु सायकलच्या प्रश्नापुरते पाहिले तर कायद्याने घरे पक्की बांधून दिली. दोन घरांमधली वाट आखली नाही. सायकलिंग महासंघाच्या कार्यकारिणीत खेळाडूंसाठी आसने आहेत, पण त्यांतले एक दिव्यांग सायकलपटूचे असावे असे बंधन नाही. पॅरा खेळाचा कारभार आंतरराष्ट्रीय पातळीवर ज्या महासंघाकडे आहे, त्याच्या भारतीय शाखेने त्या खेळाडूंसाठी काय करावे, याचा खुलासा नाही. तो नियमांतून आणि मान्यतेच्या अटींतून करता येईल, आणि करावयासच हवा. आमचे म्हणणे सरळ आहे. सराव, प्रशिक्षक, परवाना, वर्गवारीचे परीक्षक आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा ही महासंघाची जबाबदारी असावी, आणि ती त्याच्या मान्यतेची अट असावी. पॅरालिंपिकला संघ नेणे आणि खेळाडूच्या हिताचा पहारा करणे ही समितीची. महासंघाला मिळणाऱ्या सरकारी पैशांतून पॅरा सायकलिंगवर किती खर्च झाला, हे दरसाल छापून प्रसिद्ध व्हावे. न झाल्यास खेळाडूला न्यायाधिकरणाचे दार ठोठावता यावे. याहून अधिक क्रांतिकारक असे आम्ही काही मागत नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे तर सांगितले पाहिजे की हातसायकल बाजारात जाऊन आणावयाची वस्तू नव्हे. ती खेळाडूच्या देहाच्या मापाने बनते आणि बहुधा परदेशातून येते. सायकलीसाठीचा कृत्रिम पाय चालण्याच्या पायाहून निराळा असतो, आणि शरीर बदलले की त्याची वाटीही बदलावी लागते. धावपटूला बूट पुरतात; या खेळाडूला कर्ज काढावे लागते. केंद्र सरकारने २०२३ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली येथे खेलो इंडिया पॅरा स्पर्धा भरविल्या. उत्तम उपक्रम. दोन्ही वेळा सायकलिंग त्यांत नव्हते. पॅरिसमध्ये पॅरा सायकलिंगची सुवर्णपदके होती एक्कावन्न: ट्रॅकवर सतरा, रस्त्यावर चौतीस. मैदानी खेळ आणि जलतरण सोडले तर इतकी पदके दुसऱ्या कोणत्याही खेळात नव्हती. पदकांच्या हिशेबानेच जे चालतात, त्यांनी निदान हा हिशेब तरी करावयास हवा होता.

आता दिल्लीवरून जरा गोव्याकडे वळू. घटनेप्रमाणे क्रीडा हा राज्यांच्या सूचीतला विषय आहे, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा तिसाव्या कलमात सांगतो की सरकारांनी आणि क्रीडा प्राधिकरणांनी दिव्यांगांच्या खेळातील सहभागाची तजवीज करावी, सुविधा त्यांना वापरता येतील अशा कराव्यात, त्यासाठी पैसा ठेवावा. तेव्हा बोट फक्त केंद्राकडे दाखवून चालणार नाही. गोव्याने २०२३ च्या जानेवारीत दिव्यांगांचा पर्पल महोत्सव सुरू केला आणि देशभर नाव मिळविले. त्याच वर्षाच्या अखेरीस ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धाही गोव्यात झाल्या. पण सायकलच्या ट्रॅकवरील शर्यती दिल्लीत घ्याव्या लागल्या; कारण गोव्यात व्हेलोड्रोम नाही.

तो तातडीने बांधावा, अशी मागणी आम्ही करणार नाही. कोट्यवधी रुपयांचे सिमेंट ओतून मग त्यावर शेवाळ धरलेले पाहण्याची हौस आम्हांला उरलेली नाही. वर म्हटले ते येथे आठवावे: हातसायकल आणि तीनचाकी यांच्या शर्यती रस्त्यावर होतात, आणि पॅरालिंपिकमधील सायकलची दोनतृतीयांश सुवर्णपदके रस्त्यावरची आहेत. रस्ते गोव्यात आहेत. २०१९ पासून आयर्नमॅन या त्रिक्रीडा स्पर्धेसाठी पणजी परिसरातील रस्ते वाहनांना बंद करून सायकलस्वारांना मोकळे केले जातात. पुण्याहून गोव्याला सुमारे ६४० किलोमीटर सायकल दामटीत येणाऱ्या डेक्कन क्लिफहँगर शर्यतीचे स्वारही आपल्याच घाटरस्त्यांनी उतरतात. बेळगावच्या पलीकडे विजापूर-बागलकोटच्या मुलखात सायकल शर्यतींची जुनी परंपरा आहे; तेथील प्रशिक्षक बोलाविले तर यावयास तयार होतील. आणि सायकल ही वस्तू गोमंतकाला शिकवावी लागत नाही. पहाटे भोंपू वाजवीत पावांची टोपली मागे बांधून वाड्यावाड्यांतून फिरणारा पोदेर अजून आपल्यातून गेलेला नाही.

धनिकांच्या त्रिक्रीडेसाठी जर रविवारची सकाळ मोकळी करता येते, तर वर्षातून एक सकाळ पॅरा सायकलपटूंच्या वेळेविरुद्धच्या शर्यतीसाठीही करता यावी. रस्ता तोच, पोलीस तेच, अडथळे तेच. गोवा क्रीडा प्राधिकरणाने पाच-सात हातसायकली आणि दोन-तीन टँडेम विकत घेऊन ग्रंथालयातल्या पुस्तकांप्रमाणे खेळाडूंना वापरावयास द्याव्यात. पर्पल महोत्सवाला देशभरातून दिव्यांग मंडळी येतातच. त्यांच्याबरोबर वर्गवारीचे परीक्षक बोलावून त्या चार दिवसांत गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव येथील इच्छुक मुलांची तपासणी करून घ्यावी. खर्च फार नाही. एखाद्या उद्घाटन सोहळ्याच्या आतषबाजीतून तो भागेल.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा तर या बाबतीत विशेष विचार व्हावा. टँडेमच्या पुढच्या बैठकीवर बसावयास डोळस, दमदार सायकलपटू लागतो, आणि असे तरुण आपल्या महाविद्यालयांत शेकड्यांनी आहेत. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धांत टँडेमच्या शर्यती मुख्य कार्यक्रमातच होत्या. त्यांची पदके त्या त्या देशाच्या एकूण पदकांत मोजली गेली. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादेत भरावयाच्या आहेत, आणि त्याआधी २०२८ साली लॉस एंजेलिसचे पॅरालिंपिक आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला तयार व्हावयास लागणारा काळ पाहिला तर घोडामैदान फार दूर नाही.

गोव्यातली ती शर्यत घेण्यास आमच्या मते कोणाची हरकत असू नये. रस्ता राज्याचा आहे, पोलीस राज्याचे आहेत, खेळाडूही येथलेच असतील. मात्र त्या शर्यतीच्या पंचांना अधिकारपत्र द्यावयाचे कोणी, आणि तीत मिळालेला वर्ग व नोंदलेली वेळ ग्राह्य धरावयाची कोणी, सायकलिंग महासंघाने की पॅरालिंपिक समितीने, एवढे दिल्लीने आधी लेखी कळवावे.